पेन ड्राइव्हमधल्या नोट्स बाहेर काढा: सार्वजनिक महाविद्यालयांतील प्राध्यापकांना खुले पत्र

प्रिय सहकाऱ्यांनो,

आमच्या विभागातले एक सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली परत करताना त्यांनी माझ्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला. म्हणाले, "एकतीस वर्षांचं आहे सगळं. बघा काही कामाचं निघालं तर."

संध्याकाळी उघडून बसले. 'नवीन', 'नवीन २', 'फायनल', 'फायनल खरे', 'जुने पण ठेवणे' अशा नावांची फोल्डरे. निम्म्या फाइल ज्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या तो माझ्या संगणकावर नव्हता आणि शोधूनही मिळाला नाही. त्यामुळे पानेच्या पाने नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हे. उरलेल्यांत मात्र ऐवज होता. रिग्रेशनच्या (एका राशीवरून दुसरीचा अंदाज काढण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतीच्या) एका हँडआउटमध्ये सरांनी प्रत्येक उदाहरणाखाली स्वतःसाठी बारीक टिपा लिहून ठेवल्या होत्या. 'इथे मुले एक्स आणि वायची अदलाबदल करतात. सूत्र देण्याआधी विचारावे, कशावरून काय काढायचे आहे?' पुढच्या पानावर: 'उत्तर ऋण येते. मुलांना वाटते आपलेच चुकले. दोन मिनिटे तसेच वाटू द्यावे, मग आकृती काढावी.'

हे कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडायचे नाही. आणि मी शेजारच्या वर्गात हाच विषय अठरा वर्षे शिकवत होते! सर काही हात राखून देणारे गृहस्थ नव्हते. मी मागितले असते तर त्यांनी त्याच दिवशी झेरॉक्स काढून दिली असती. पण असे काही आहे हेच मला ठाऊक नव्हते म्हणून मी मागितले नाही, आणि कोणी मागितले नाही म्हणून त्यांनी दिले नाही. एकतीस वर्षांचे शहाणपण एका कपाटात सुखरूप राहिले.

मला खात्री आहे, तुमच्याकडेही असा एखादा पेन ड्राइव्ह आहे. हे पत्र त्याच्याविषयी आहे.

आपण सार्वजनिक महाविद्यालयांत शिकवतो. पगार लोकांच्या पैशातून होतो. तोच सिलॅबस, तेच युनिट आणि बहुधा तीच रविवारची रात्र. दहा महाविद्यालयांतले दहा जण त्याच संकल्पनेची तीच स्लाइड कोऱ्या पडद्यापासून बनवत बसलेले असतात. त्यातल्या दोघांची उत्तम होते, चौघांची चालून जाते आणि उरलेल्यांची कशीबशी होते. दुसऱ्या दिवशी तास संपला की दहाही स्लाइड आपापल्या लॅपटॉपमध्ये जाऊन झोपतात. पुढच्या वर्षी नवा रुजू झालेला अकरावा माणूस पुन्हा कोऱ्या पडद्यापासून सुरुवात करतो. विद्या दिल्याने वाढते हे आपण भाषणांत म्हणतोच. फाइलच्या बाबतीत ते कोणी मनावर घेतलेले दिसत नाही.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. तुम्ही स्वतः तयार केलेल्या साहित्यावर परवान्याची, म्हणजे इतरांना त्याचे काय करता येईल हे सांगणारी, एक ओळ लिहा. आणि ते साहित्य दुसऱ्याला बदलता येईल अशा फाइलमध्ये द्या. बाकी सगळे नंतर.

"आम्ही देतोच की! ग्रुपवर टाकतो," असे काही जण म्हणतील. टाकता, खरे आहे. मीही टाकत होते. पण फुकट आणि खुले यांत मोठा फरक आहे, आणि तो नीट कळायला मला बरीच वर्षे लागली. तुम्ही ग्रुपवर पीडीएफ टाकलीत, मी उतरवून घेतली. आता मला त्यातले तिसरे उदाहरण वगळून माझे घालायचे आहे. चालेल का? माझ्या वर्गासाठी त्याचा अनुवाद करायचा आहे. चालेल का? माझ्या विभागाच्या पानावर माझ्या भागासह ठेवायचे आहे. चालेल का? तुम्ही मनाने 'हो' म्हणाल, पण फाइलवर तसे कुठेच लिहिलेले नसते. आणि कायद्याचे म्हणणे उलटे आहे. कॉपीराइटविषयीचा १८८६ चा आंतरराष्ट्रीय बर्न करार १९०८ मध्ये बर्लिनला सुधारला गेला, तेव्हापासून त्यातले तत्त्व असे आहे की लेखन झाले की लेखकाचा हक्क आपोआप लागू होतो. नोंदणी नको, खूण नको, काही नको. जगातले बहुतेक देश आज हे तत्त्व मानतात. म्हणजे ज्या फाइलवर काहीच लिहिलेले नाही ती फाइल 'सर्व हक्क राखीव' असते. आपण औदार्याने गप्प बसतो आणि कायदा त्या गप्प बसण्याला कुलूप समजतो.

'ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस', म्हणजे खुले शैक्षणिक साहित्य, हा शब्दप्रयोग युनेस्कोच्या जुलै २००२ च्या पॅरिसमधल्या बैठकीत ठरला. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २००१ मध्ये, एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांसाठी खुले करण्याचे जाहीर केले होते. असे खुले परवाने तयार करून देणारी क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्थाही २००१ चीच. तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले आणि सध्या वापरात असलेली ४.० आवृत्ती २०१३ मधली आहे. खुल्या शिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड वायली यांनी खुलेपणाची कसोटी पाच क्रियापदांत बसवली आहे: प्रत जवळ ठेवता आली पाहिजे, वापरता आली पाहिजे, बदलता आली पाहिजे, दुसऱ्या साहित्यात मिसळता आली पाहिजे आणि पुढे वाटता आली पाहिजे. ग्रुपवरची आपली पीडीएफ या पाचांतल्या पहिल्या दोन पायऱ्यांवरच धापा टाकते.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने सहा आहेत, पण घाबरू नका, शिक्षकाला रोज लागतात त्या गोष्टी चारच. 'बाय' म्हणजे माझे नाव द्या आणि हवे ते करा. 'एसए' जोडले की बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको. 'एनडी' म्हणजे बदल करून वाटू नका. मी सुरुवातीला 'बाय-एनसी-एनडी' लावत होते, सगळ्यात कडक तो. वाटायचे, आपले सुरक्षित. मग दुसऱ्या भाषेत शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने लिहिले की तुमच्या संभाव्यतेच्या सराव संचाचा अनुवाद करून वर्गात द्यायचा आहे, पण परवाना आड येतो. बरोबर होते तिचे. अनुवाद हाही बदलच. आणि बदलायचेच नाही तर शिकवायचे कसे? प्रत्येक वर्ग वेगळा असतो, हे आपणच प्रशिक्षणवर्गांत घसा कोरडा होईपर्यंत सांगतो.

'एनसी'विषयी प्रामाणिक मतभेद आहेत, ते मला मान्य. कुणीतरी आपले साहित्य छापून विकेल ही भीती खोटी नाही. पण 'बाय' परवान्याखाली विकणाऱ्यालाही तुमचे नाव आणि परवाना छापावाच लागतो, आणि ते वाचणाऱ्या विद्यार्थ्याला कळते की हेच मूळ ठिकाणी फुकट आहे. शिवाय व्यापारी म्हणजे नेमके काय, यावर वाद होतात, आणि वादाच्या भीतीने सज्जन माणूस वापरतच नाही. ज्याला चोरायचे आहे तो परवाना वाचत बसत नाही. 'बाय-एसए' आणि 'बाय-एनसी-एसए' असे दोन संच एकत्र करून त्यांचा एक नवा संचही काढता येत नाही, कारण दोघांचाही आग्रह 'माझाच परवाना' असा. हे सगळे धरून मी आता नुसते 'बाय' लावते. तुम्ही 'एनसी' लावलात तरी माझी तक्रार नाही. काहीच न लावण्याशी मात्र आहे.

ओळ अशी: 'हा संच क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याखाली खुला आहे.' खाली नाव, महाविद्यालय, वर्ष, मूळ फाइल कुठे आहे ते, आणि परवान्याची लिंक. हक्क तुमचाच राहतो, तो कुणाच्या नावावर होत नाही. एक गोष्ट मात्र आधी समजून घ्या, परवाना दिला की मागे घेता येत नाही. तुम्ही फाइल काढून टाकू शकता, पण ज्यांनी आधीच घेतली त्यांचा हक्क उरतो. म्हणून अर्धवट मनाने देऊ नका.

खरा अडसर कायद्याचा नाहीच, हे एव्हाना तुमच्याही लक्षात आले असेल. अडसर लाजेचा आहे. 'माझ्या नोट्स दाखवण्यासारख्या नाहीत हो.' 'जरा नीट करून मग देते.' हे 'जरा नीट' कधी येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आपण ती निवृत्तीपर्यंत झाकून ठेवतो. विद्यार्थ्यांसमोर त्याच नोट्स घेऊन आपण बिनदिक्कत उभे राहतो. समव्यवसायी बघणार म्हटले की पोटात गोळा येतो. विद्यार्थ्यांना चालते ते सहकाऱ्याला दाखवायला आपण कचरतो, यात काहीतरी उलटे आहे.

माझ्या लाजेची गोष्ट सांगते. विचरणाचा (निरीक्षणे किती पसरली आहेत त्याच्या मापाचा) माझा एक सराव संच होता. त्यातला चौथा प्रश्न: 'एका मोठ्या गटातून घेतलेल्या पाच जणांच्या नमुन्यातील निरीक्षणे ४, ७, ७, ९, १३ अशी आहेत. त्यावरून गटाच्या विचरणाचा अंदाज काढा.' सरासरी ८. फरकांच्या वर्गांची बेरीज ४४. माझ्या उत्तरसूचीत उत्तर ८.८, म्हणजे ४४ भागिले ५. नमुन्यावरून गटाचा अंदाज काढायचा तर नेहमीच्या पद्धतीने ५ मधून १ वजा करून ४ ने भागायला हवे, उत्तर ११. मीच वर्गात फळ्यावर हे 'वजा एक' का येते ते चांगले अर्धा तास समजावत असे आणि मीच उत्तरसूचीत विसरले होते. सहा वर्षे. सहा तुकड्या त्या संचातून गेल्या. हुशार मुलांना ११ आले असणार, त्यांनी सूची बघितली असणार आणि खोडून ८.८ केले असणार. हे मनात आले की अजून कसेतरी होते.

संच खुला केल्यावर महिन्याभरात एक मेल आला. ओळखदेख नाही, दुसऱ्या महाविद्यालयातले शिक्षक. दोन ओळी: 'प्रश्न ४ ची उत्तरसूची बघावी. बाकी संच छान, मी वापरतो आहे.' वाचून कान तापले, हे कबूल करते. मग दुरुस्त केले, वर तारीख आणि 'आवृत्ती २' असे घातले, आणि त्यांचे आभार शेवटच्या पानावर छापले. माझ्या बंद कपाटात ती चूक माझ्या निवृत्तीपर्यंत सुखाने नांदली असती.

तेव्हा अर्धे-कच्चे द्या. एक संच द्या. चांगल्या पुस्तकाची वाट पाहू नका. पूर्ण पुस्तक लिहायला बसलेले किती सहकारी मी पाहिले आहेत, आणि त्यातली किती पुस्तके पूर्ण झाली हेही. एक सुटा, आपल्या पायावर उभा राहणारा तुकडा पुस्तकापेक्षा जास्त फिरतो. वीस प्रश्नांचा संच, एका प्रयोगाची कृती, एका आकृतीमागची गोष्ट, एवढे पुरे आहे. विशेषतः सरांच्या त्या टिपांसारखे काही असेल तर ते आधी द्या. व्याख्या कुठेही मिळतात. मुले कुठे अडखळतात हे फक्त वर्गात उभे राहिलेल्या माणसाला माहीत असते.

फाइलविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण इथे भल्याभल्यांचे देणे वाया जाते. मागे एकांनी मोठ्या मनाने त्यांचे प्रात्यक्षिकांचे पुस्तक पाठवले. स्कॅन केलेली पीडीएफ. पाने किंचित तिरकी, डाव्या कडेला बाइंडिंगची सावली आणि तिसऱ्या तक्त्याचा शेवटचा स्तंभ सावलीत बुडालेला. मला त्यातला फक्त एक तक्ता बदलायचा होता. तो मी पुन्हा टाइप करत बसले, चाळीस ओळी गुणिले सहा स्तंभ, रात्री साडेअकरापर्यंत. शेवटी एका रकान्यात ०.४३२१ च्या जागी ०.४२३१ पडलेच. दृष्टिहीन विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तर अशी पीडीएफ म्हणजे नुसते कोरे चित्र. आणि तुमच्या वर्गात तसा विद्यार्थी या वर्षी नाही म्हणून पुढच्या वर्षी, दुसऱ्या वर्गात नसेल असे नाही.

म्हणून पीडीएफ द्याच, पण सोबत मूळ फाइलही द्या. वर्ड असो, लिबरऑफिस असो, लाटेक असो, जे असेल ते. मजकूर युनिकोडमध्ये असू द्या, म्हणजे तो खास फॉन्टवाचूनही दुसऱ्या संगणकावर वाचता येईल. आकृतीचे वर्णन एका ओळीत लिहा. आणि फाइलला असे नाव द्या की दोन वर्षांनी परक्या माणसाला कळेल. 'फायनल खरे' हे नाव नव्हे. एक्सेलची फाइल देत असाल तर सगळ्या शीट उघडून बघा. मी एकदा आलेखाच्या सरावाची फाइल पाठवायच्या बेतात होते आणि लपवलेल्या दुसऱ्या शीटमध्ये आदल्या वर्षीच्या मुलांची नावे आणि गुण जसेच्या तसे होते. बटण दाबायच्या आधी दिसले म्हणून वाचले.

दुसऱ्याचे काय घेतले आहे तेही तपासा. इथे आपला व्यवसाय फारसा स्वच्छ नाही, खरे बोलायचे तर. स्लाइडमधली ती सुरेख रंगीत आकृती कुठल्या तरी प्रकाशकाच्या पुस्तकातून उचललेली असते. वर्गात दाखवण्यापुरती सूट अनेक देशांच्या कायद्यांत असते, पण त्या आकृतीवर खुला परवाना लावण्याचा हक्क आपल्याला नाही. जे आपले नाही ते आपण देऊ शकत नाही. प्रमेय कुणाच्या मालकीचे नसते, वस्तुस्थिती कुणाच्या मालकीची नसते. शब्दरचना आणि चित्र मात्र असते. तेव्हा आकृती स्वतः काढा, हाताने काढली तरी चालेल, किंवा खुल्या परवान्याची शोधून तिचे शीर्षक, कर्ता, ठिकाण आणि परवाना खाली लिहा. माझ्या स्लाइड या चाळणीतून काढल्या तेव्हा निम्मी चित्रे गळाली, आणि त्यातल्या बऱ्याच चित्रांवाचून काही अडले नाही, असेही आढळले.

'फुकटचे ते हलके' असे मानणारे सहकारी आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. जॉन हिल्टन या संशोधकाने २०१६ मध्ये तोवरच्या १६ अभ्यासांचा आढावा घेतला. त्याचा निष्कर्ष असा की खुले साहित्य वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचे शिकणे सर्वसाधारणपणे विकतच्या पुस्तकांइतकेच होते आणि त्यांचा पैसा वाचतो. खुल्या साहित्याने चमत्कार होतो असा दावा त्यात नाही, मीही करत नाही. इतकेच आहे की जो विद्यार्थी पुस्तक विकत घेऊच शकत नाही, त्याच्याही हातात पहिल्या दिवशी पुस्तक असते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात टाइडवॉटर हे सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज आहे. तिथल्या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये व्यवसाय प्रशासनाचा एक आख्खा दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पाठ्यपुस्तकांचा खर्च शून्य ठेवून उभा केला. एकेक विषय घेऊन, त्या विषयाला काय खुले मिळते ते शोधून, उरलेले स्वतः भरून.

हे सगळे स्वतः लिहावे लागत नाही, हेही ध्यानात घ्या. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमाची खुली पुस्तके २०१२ पासून येत आहेत. लिब्रेटेक्स्ट्स हा खुल्या पुस्तकांचाच उपक्रम २००८ मध्ये डेल्मर लार्सन या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने सुरू केला, तेव्हा त्याचे नाव 'केमविकी' होते आणि विषय एकच होता. मला सगळ्यात शहाणपणाचे वाटते ते कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचे काम. २०१२ मध्ये तिथे खुल्या पाठ्यपुस्तकांचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्राध्यापकांना लगेच 'लिहा' असे सांगितले नाही. आधीच असलेली खुली पुस्तके वाचा आणि अभिप्राय द्या, असे सांगितले, आणि त्या वाचनाचे मानधनही दिले. परीक्षण करायला कोण नाही म्हणेल? दुसऱ्याच्या चुका काढणे हा आपला आवडता उद्योग! तो करता करता माणूस पुस्तकाच्या आत शिरतो आणि म्हणू लागतो, हे चौथे प्रकरण मी असे लिहिले असते. मग तो लिहितो.

आता जागेचा प्रश्न. ग्रुपवर टाकलेले पंधरा दिवसांत वर सरकून नाहीसे होते. ड्राइव्हची लिंक म्हणाल तर ती उघडणाऱ्याला अर्ध्या वेळा 'परवानगी मागा' अशी पाटी दिसते, आणि संस्थेचे खाते निवृत्तीनंतर बंद झाले की लिंक मेलीच. यासाठी माणूस आपल्याच इमारतीत आहे आणि आपण त्याला फक्त पुस्तके परत करायला भेटतो. ग्रंथपाल. संस्थेचे डिजिटल भांडार कसे लावायचे, विषय-शब्द कसे द्यायचे, कायमचा पत्ता कसा मिळवायचा, हे त्यांचे शास्त्र आहे. आमच्या ग्रंथपाल बाईंनी माझ्या फाइल पाहून पहिला प्रश्न केला, "याच्यात कोणत्या पातळीच्या विद्यार्थ्यासाठी आहे ते कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हते. एका दुपारी त्यांनी माझ्या चौदा संचांना जे रूप दिले ते मला दोन वर्षांत जमले नसते.

प्राचार्य आणि व्यवस्थापनाने हे पत्र वाचावे अशी इच्छा आहे, म्हणून त्यांच्यासाठीही थोडे. युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने २५ नोव्हेंबर २०१९ रोजी खुल्या शैक्षणिक साहित्याविषयीची शिफारस स्वीकारली. सदस्य देशांनी पोषक धोरण आखावे, शिक्षकांना तयार करावे, प्रोत्साहन द्यावे, असे तिच्यात आहे. ते धोरण महाविद्यालयाच्या पातळीवर फार साध्या कागदांतून उतरते. पहिला कागद हक्कांचा. नोकरीत असताना लिहिलेल्या साहित्यावर मालकी कुणाची, याची उत्तरे देशागणिक आणि करारागणिक वेगळी आहेत. म्हणून शिक्षकाला स्वतःच्या अध्यापन साहित्यावर खुला परवाना लावायला संस्थेची हरकत नाही, एवढे एका पानावर लेखी द्या. या एका पानाअभावी किती सावध माणसे गप्प बसली आहेत! दुसरा कागद वार्षिक मूल्यमापनाचा. कुणी न वाचलेल्या शोधनिबंधाला तिथे रकाना आहे. पाच महाविद्यालयांत वापरल्या जाणाऱ्या प्रयोगपुस्तिकेला नाही. तो रकाना घाला. 'किती अपलोड केले' असा मात्र घालू नका, नाहीतर भांडार रद्दीने भरेल. 'इतर कोणी वापरले, कोणी सुधारले' असा घाला.

एक आक्षेप उरतो, तो स्टाफरूममध्ये दबक्या आवाजात ऐकू येतो. सगळे बाहेर ठेवले तर मुले वर्गात कशाला येतील? याला माझे उत्तर थोडे कडू आहे. माझ्या तासाला येण्याचे एकमेव कारण माझ्या नोट्स असतील, तर प्रश्न नोट्सचा नाही. प्रत्यक्षात मला उलटाच अनुभव आला. संच आधी हातात असल्यामुळे मुले उतरवून घेत नाहीत, विचारतात. तास अवघड झाला आहे, मजेचाही झाला आहे. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची उत्तरे अर्थातच यातून वगळा. ते कुणी खुले करा म्हणत नाही.

आणि घेणाऱ्यांनो, घेतल्यावर कळवा. हे परवान्यात नाही, माझी विनंती आहे. आवडले म्हणून कळवू नका हवे तर. चूक सापडली, मुलांना तिसरा प्रश्न जड गेला, आकृती कृष्णधवल छपाईत दिसत नाही, असे काही. देणाऱ्याला शांततेइतके दुसरे काही नाउमेद करत नाही. बदल केलात तर बदललेली फाइल परत पाठवा, म्हणजे गाडी पुढे सरकते.

सरांना मी गेल्या महिन्यात फोन केला. म्हटले, तुमच्या रिग्रेशनच्या टिपा नीट टाइप करून, तुमच्या नावाने, खुल्या परवान्याखाली ठेवू का? बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, "त्या तर मी माझ्यासाठी लिहिल्या होत्या." मी म्हटले, म्हणूनच. त्यांनी होकार दिला, पण एक अट घातली: सातव्या उदाहरणाखालची टीप काढून टाकावी, कारण ती त्या काळच्या एका विशिष्ट विद्यार्थ्याविषयी आहे. काढली. बाकीच्या तेवीस टिपा आमच्या ग्रंथालयाच्या भांडारात आहेत, मूळ फाइलसह. ज्या फाइलचे चौकोन झाले आहेत त्यांचे काम अजून बाकी आहे. जुन्या फॉन्टवरून युनिकोडमध्ये आणण्याची हातोटी कुणाकडे असेल तर मला हवी आहे.

माझे चौदा संचही तिथेच आहेत. अकराव्या संचातल्या नवव्या प्रश्नाच्या उत्तराविषयी मला स्वतःलाच शंका आहे. पद्धती दोन, उत्तरे दोन येतात, आणि दोन्ही मला बरोबर वाटतात. कोणीतरी बघा.

आपली,
संख्याशास्त्र विभागातली एक सहकारी